रानाची रोजकीर्द

हिवाळ्याच्या दिवसांत, उजाडण्यापूर्वी, पेंच अभयारण्याच्या एखाद्या नाक्यावर जाऊन उभे राहिले तर अलीकडे एक निराळीच मंडळी दृष्टीस पडते. ही माणसे शिकारी नव्हेत आणि मौजेखातर आलेले प्रवासीही नव्हेत. कोणी शाळामास्तर असतो, कोणी बँकेतील कारकून, कोणी महाविद्यालयातील विद्यार्थी, तर कोणी संत्र्याचा बागाईतदार. गळ्यात दुर्बीण, हातात वही आणि पेन्सिल. वनरक्षक पुढे चालतो व ही मंडळी त्याच्या मागोमाग आखून दिलेल्या वाटेने मुकाट्याने चालतात. कोणता पक्षी दिसला, कोणता नुसताच ऐकू आला, किती होते, वाटेपासून किती अंतरावर होते आणि त्या वेळी घड्याळात किती वाजले होते, हे सारे जागच्या जागी लिहून काढतात. पुढे ठरलेल्या ठिकाणी थांबून दोरीने जमिनीवर वर्तुळ आखतात. त्या वर्तुळात साग किती, तेंदू किती, मोह किती, कोणत्या झाडाचा छातीच्या उंचीवरील घेर किती, खाली गवत कोणते आणि तण कोणते, तेही टिपतात. या कामाचे त्यांना वेतन मिळत नाही. घरी परतल्यावर शेजारीपाजारी विचारतात, "पाखरे मोजून काय मिळाले?"

श्रोतेहो, प्रश्न साधा आहे आणि तो विचारणाऱ्यास हसून चालणार नाही. शेतकरी पीक मोजतो, सावकार पैसा मोजतो, कारण त्या मोजणीतून काही निघते. रानातील पाखरांची आणि झाडांची रोजकीर्द लिहून काय निघते, याचे उत्तर मात्र एका दिवसाच्या कामात मिळत नाही. ते पाहावयाचे तर गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. या इतिहासाचा पुष्कळसा भाग आपल्याच सातपुड्यात घडलेला आहे.

आपला मुलूख कोठे बसतो, ते आधी पाहू. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. भाषेने मराठी, राज्याने मध्य प्रदेश, आणि भूगोलाने सातपुड्याची दक्षिण उतरण असा हा पट्टा आहे. पूर्वेस पेंच आहे. मध्य प्रदेशातील पेंचला १९७७ मध्ये अभयारण्य, १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ मध्ये व्याघ्रप्रकल्प असा दर्जा मिळत गेला. त्यास लागूनच दक्षिणेस महाराष्ट्राचे पेंच आहे. पश्चिमेस मेळघाट आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत त्याची गणना झाली. या दोन मोठ्या रानांच्या मधोमध जाम आणि कन्हान या नद्यांचा आपला प्रदेश पसरलेला आहे. राज्याची सीमा १९५६ मध्ये आखली गेली. पाखरांनी ती कधी मानली नाही. तेव्हा सातपुड्याच्या एका टोकास घडलेली गोष्ट दुसऱ्या टोकास परकी नाही.

आता मूळ कथेकडे वळू. १८७२ सालच्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझरच्या रानात ब्लेविट नावाच्या गृहस्थांस एक लहानसे घुबड सापडले. आपल्या घराच्या वळचणीला किंवा आंब्याच्या ढोलीत राहणारा ठिपक्याठिपक्यांचा पिंगळा सर्वांस ठाऊक आहे. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा आणि भविष्य सांगणारा पिंगळा जोशी त्याच्याच नावाने ओळखला जातो. हा पक्षी त्या पिंगळ्यासारखा होता आणि नव्हताही. डोक्यावर ठळक ठिपके नव्हते, अंग भरदार होते, नख्या मोठ्या होत्या. ब्लेविट यांनी तो नमुना ॲलन ह्यूम यांच्याकडे पाठविला. १८८५ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे प्रवर्तक म्हणून आपण ज्यांस ओळखतो, तेच हे ह्यूमसाहेब. राजकारणात पडण्यापूर्वी त्यांनी आपले अर्धे आयुष्य पक्ष्यांस वाहिले होते. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव गोवले. मराठीत आपण त्यास रानपिंगळा म्हणतो.

ह्यूमसाहेबांची कामाची पद्धत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. एवढ्या मोठ्या देशातील पक्षी एकट्याने पाहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी देशभर विखुरलेल्या माणसांस पत्रे लिहून कामास लावले. जकातीवरचे अधिकारी, सर्वेक्षणातील माणसे, लष्करातील कप्तान, रेल्वेवरील इंजिनिअर असे कितीतरी लोक आपापली नोकरी सांभाळून त्यांच्यासाठी पक्षी आणि टिपणे पाठवीत. 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे गळून पडलेली पिसे, या नावाचे नियतकालिक त्यांनी याच मजकुरासाठी काढले आणि नमुने कसे राखावेत यावर १८७४ मध्ये एक पुस्तिकाही लिहिली. त्या काळी पक्षी टिपावयाचा म्हणजे बंदुकीने टिपावयाचा, हे आज आपल्यास रुचणार नाही. परंतु प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असे व तीवर ठिकाण, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव असे. नमुन्याची खरी किंमत त्या चिठ्ठीत होती. पुढे याच ह्यूमसाहेबांची पंचवीस वर्षांची हस्तलिखिते त्यांच्या गैरहजेरीत सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली गेली आणि त्या धक्क्याने त्यांनी पक्षिशास्त्राचा नाद सोडला. आपला प्रचंड संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हस्तलिखिते गेली, परंतु पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या मात्र नमुन्यांबरोबर सुखरूप राहिल्या.

ब्लेविट यांच्यानंतर रानपिंगळा आणखी थोड्याच जणांस सापडला. त्यांत जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी होते. त्यांचे काम पश्चिम खानदेशात, शहादे-तळोद्याच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशी होते. १८८४ पर्यंत त्यांनी तेथे काही रानपिंगळे टिपले. साऱ्या जगातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे खरे नमुने अवघे सात. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला.

याच सुमारास आपल्याकडे हौशी निरीक्षकांच्या कामास संस्थेचे रूप आले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष. आणि सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या धकाधकीत असलेल्या या मंडळींस किडामुंगी आणि पाखरे पाहण्यासाठी वेळ काढावासा वाटला, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. सोसायटीच्या नियतकालिकाचे एक आद्य संपादक रॉबर्ट स्टर्नडेल हे तर आपल्या शेजारच्या सिवनीत राहून गेलेले आणि १८७७ मध्ये सिवनीच्या रानावर पुस्तक लिहिलेले गृहस्थ होते.

असो. विसावे शतक उजाडले आणि रानपिंगळ्याच्या कथेस एक अनपेक्षित वळण लागले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजला गेला होता. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्यावरील चिठ्ठी सांगत होती की, हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस मिळाला. साहजिकच सर्वांनी हीच रानपिंगळ्याची शेवटची नोंद मानली. पुढे त्याचा शोध घ्यावा असे सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञांस वाटले. परंतु शोधाची दिशा त्या चिठ्ठीने दाखविली, आणि चिठ्ठीने दाखविलेल्या जागी पक्षी सापडेना. हळूहळू लोक म्हणू लागले की, रानपिंगळा पृथ्वीवरून नाहीसा झाला.

अखेरीस पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने जुने नमुने एकेक करून तपासावयास घेतले. पक्ष्याच्या कातड्यात कापूस भरून ते शिवण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. शिंप्याचा टाका ओळखावा, तशी ती जाणत्यास ओळखू येते. १९१४ चा म्हणून सांगितलेला तो पक्षी उसवून पुन्हा भरलेला निघाला, आणि आतील मूळची हातोटी निघाली खानदेशातील डेव्हिडसन यांची! ब्रिटिश म्युझियममधून पळविलेला जुनाच नमुना नव्या चिठ्ठीसह नव्याने मिळाला म्हणून मिरविला गेला होता. या अधिकाऱ्याने इतर पक्ष्यांच्या बाबतीतही असेच केले असल्याचे पुढे उघड झाले.

खोटी चिठ्ठी बाजूस काढली, तेव्हा खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावे तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या गावांच्या वाटेने निघाले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात आले आणि १९९७ सालच्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा, एका उघड्या फांदीवर त्यांस रानपिंगळा बसलेला दिसला. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षांनी! त्यानंतर आमच्या लोकांनी शोध जारी ठेवला आणि मेळघाटात, बऱ्हाणपूरकडील खकनारच्या रानात, पुढे २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. पक्षी सर्वकाळ येथेच होता.

या कथेतील दोन माणसे शेजारी ठेवून पाहावीत. एक डेव्हिडसन. त्यांनी कर्तव्य म्हणून एका कागदाच्या तुकड्यावर गावाचे नाव आणि तारीख लिहिली. तिचा उपयोग कोणास होईल हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसरा माइनर्ट्झहागेन. त्याने मानासाठी एक ओळ खोटी लिहिली. पहिल्याच्या चिठ्ठीने शंभराहून अधिक वर्षांनी पक्षी परत मिळवून दिला आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीने तो कित्येक वर्षे हरवून ठेवला. तेव्हा पेंचच्या वाटेवर वही घेऊन चालणाऱ्या स्वयंसेवकास पहिला नियम सांगतात तो हाच, की जे पाहिले तेवढेच लिहावे. ओळख पटली नाही तर पटली नाही असे लिहावे. बरोबरच्याने दुर्मीळ पक्षी लिहिला म्हणून आपणही लिहू नये.

पाखरांचे झाले, आता झाडांचे पाहू. त्यासाठी लांब जावयास नको. सौंसरजवळ मोहगाव कलां नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच मोहाचे झाड आहे. परंतु विद्वानांच्या जगात ते गाजले आहे ते त्याहून फार जुन्या झाडांमुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर पसरत होते. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडे उगवत आणि फळे-फुले चिखलात पडत. तो चिखल आणि त्यातील वनस्पती पुढे गारगोटीसारख्या कठीण दगडात रूपांतरित झाल्या. हे दगड कापून, घासून, पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पेशी न् पेशी दिसते.

के. पी. रोडे यांनी १९३३ मध्ये येथील ताडवर्गीय वनस्पतींची वर्णने प्रसिद्ध केली. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये मोहगावच्या एका फळाचे वर्णन केले. ते कोणत्या झाडाचे हे उलगडेना, म्हणून त्यास 'कोडे-फळ' अशा अर्थाचे नाव दिले. १९४३ मध्ये त्यांनी आणि राव यांनी सौंसरच्या परिसरातील दगडांतून पाण्यावर तरंगणाऱ्या ॲझोला या नेच्याची एक प्राचीन जात उजेडात आणली. नागपूरच्या विज्ञानसंस्थेतील डॉ. श्यामला चितळे यांनी मोहगावच्या दगडांवर वर्षानुवर्षे काम केले; पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात गेल्या, परंतु येथील एका जीवाश्म फुलास दिलेले नाव त्यांची आणि मोहगावची अशी दोघांची आठवण ठेवून आहे. मोहगावच्या दगडांत निपा नावाच्या ताडाची फळेही मिळाली आहेत. हा ताड आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढतो. ज्या भूमीत आपण संत्री पिकवतो, तिच्या जवळपास एके काळी खाऱ्या पाण्याची खाडी असावी, असे ही फळे सांगतात.

ही साक्ष टिकली कशाने? दगड तर सर्वत्र असतात. दगड उचलणाऱ्याने त्यावर 'मोहगाव कलां' हे नाव लिहिले, म्हणून पुढचा अभ्यासक नेमका त्याच शेतात येऊन उभा राहू शकला. गावाचे नाव पुसले असते तर ते जीवाश्म फळ म्हणजे कपाटातील एक खडा होऊन राहिले असते. निसर्गाने एवढा प्रचंड काळ जपून ठेवलेली गोष्ट माणसाच्या एका क्षणाच्या आळसाने निरर्थक होऊ शकते.

कोणी म्हणेल, हे सारे गेल्या काळचे. आज नोंदीवाचून काय अडते? त्यासाठी गिधाडांचे उदाहरण घ्यावे. एके काळी गावाबाहेर ढोर पडले की तासाभरात गिधाडांचा थवा उतरे. ती इतकी होती की त्यांना मोजावे असे कोणास वाटलेच नाही. परंतु भरतपूरच्या घना पक्षी अभयारण्यात विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात शिकारी पक्ष्यांची मोजदाद करून ठेवली होती. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा गिधाडे झपाट्याने घटल्याचे दिसून आले. जुना आकडा हाताशी होता, म्हणूनच नव्या आकड्याचा अर्थ कळला. पुढे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, गुरांस दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी त्याचा वापर बंद केला. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात शंभरांतून एकही उरली नव्हती. मध्य प्रदेशात आता वनखाते राज्यभर गिधाडांची गणना करते आणि तीत स्वयंसेवकही भाग घेतात. २०१६ मध्ये सुमारे सात हजार आणि २०२१ मध्ये सुमारे साडेनऊ हजार गिधाडे मोजली गेली. ही आशेची गोष्ट आहे. आणि आशा बाळगावी की नाही हेसुद्धा मोजल्यावाचून कळले नसते.

२०२३ मध्ये देशातील पक्ष्यांचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. ही माणसे बहुतांशी हौशी. त्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. परंतु गेल्या काही दशकांत त्या वाढल्या की घटल्या हे सांगण्याइतका जुना आधार केवळ ३३८ जातींपुरताच मिळाला, आणि त्यांतील साठ टक्के घटल्याचे आढळले. उरलेल्या सहाशे जातींविषयी काहीच म्हणता येत नाही. कारण त्या विपुल होत्या तेव्हा कोणी वही उघडली नाही.

आमच्याकडे विदर्भात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील जनावरे मोजण्याची चाल आहे. त्या रात्रीचे आकर्षण मोठे असते आणि अरण्याविषयी प्रेम उत्पन्न करण्यास ती फार उपयोगी पडते. परंतु चांदण्यातली एक रात्र म्हणजे रोजकीर्द नव्हे. वाघांची मोजणीही आता आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांवर आली आहे. स्वयंसेवकाचे खरे काम त्यापेक्षा कमी झगमगीत असते. त्याच वाटेने, त्याच वेळी, त्याच ऋतूत, वर्षामागून वर्षे जावयाचे. पुष्कळदा नेहमीचीच पाखरे दिसतात, सातभाई, कोतवाल, बुलबुल. कधी काहीच दिसत नाही. अशा दिवशी पान कोरे ठेवण्याचा मोह होतो. परंतु 'दोन तास चाललो, पक्षी आढळला नाही' हीदेखील नोंदच आहे, आणि एखादा पक्षी नाहीसा होऊ लागला असेल तर त्याची पहिली वर्दी अशाच ओळीतून मिळते.

हे काम अभयारण्याच्या नाक्याआतच करावे असेही नाही. अभयारण्याचे पक्षी जामच्या आणि कन्हानच्या काठीही उतरतात. संत्र्याच्या बागांतून, बांधावरील बाभळींतून, गावाच्या आमराईतून त्यांचे येणेजाणे चालू असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, हे साऱ्या देशास ठाऊक आहे. पण आपल्या शिवारातील पळस यंदा कोणत्या आठवड्यात फुलला, गतवर्षी कधी फुलला होता, मोह कधी गळू लागला, फुललेल्या पळसावर कोणती पाखरे आली, हे कोणाच्या घरी लिहिलेले सापडेल? एखाद्या शाळेने एक झाड निवडावे आणि दर आठवड्यास त्याच्याकडे पाहून एक ओळ लिहावी. यास वही आणि पेन्सिल यांखेरीज खर्च नाही.

पाखरे मोजून काय मिळाले, असे शेजाऱ्याने विचारले तर स्वयंसेवकाने त्यास खानदेशातील ती चिठ्ठी सांगावी. मोजणाऱ्यास बहुधा काही मिळत नाही. मिळते ते त्याच्या नातवंडास, किंवा कधीही न भेटलेल्या परक्या अभ्यासकास. त्या परक्यास आपल्या गावाचे नाव वाचून आपल्या रानापर्यंत येता यावे, एवढ्यासाठी ठिकाण आणि तारीख नीट लिहिलेली असली पाहिजे.